मागे वळून पाहणारे मूल

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो, "आता पुढे काय?" मुलगा खाली मान घालतो आणि आपण म्हणून मोकळे होतो, "ह्याला काही ध्येयच नाही." हा निवाडा आम्हीही अनेकदा केला आहे. तो घाईचा होता, असे आता वाटते.

मेरी एन्सवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषी १९५४ साली युगांडात गेल्या. तेथील खेड्यांत २६ कुटुंबांच्या घरी वारंवार जाऊन त्यांनी तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. ज्या मुलाला आईचा भरवसा होता, ते तिच्यापासून रांगत दूर जाई, नवी वस्तू हाताळी, मागे वळून आईकडे पाही आणि पुन्हा पुढे सरके. ज्याला भरवसा नव्हता, ते मात्र कडेवर घेऊनही रडत राही. इंग्लंडचे डॉ. जॉन बोल्बी यांनीही हेच प्रतिपादिले की, आधारामुळेच मूल दूर जाण्यास धजते. आणि ही गरज बालपणाबरोबर संपत नाही.

पुढील अभ्यासकांनी हा विचार व्यवसायनिवडीस लावून पाहिला. आईबापांशी विश्वासाचे नाते असलेली मुले निरनिराळ्या व्यवसायांचा शोध अधिक मोकळेपणाने घेतात, असे त्यांस आढळले. उलट, एखादी मुलगी "बाबा म्हणतील ते" एवढेच म्हणते. एखादा मुलगा कोणालाच न विचारता हाती येईल तो अर्ज भरतो. दोघांच्याही मनात भीती एकच असू शकते : चुकलो तर मला कोण जवळ करील?

अशा मुलांना शाळेतील समुपदेशक, आणि तो नसेल तेथे एखादे समंजस मास्तर किंवा बाई, मोठा आधार होऊ शकतात. चांगला समुपदेशक निर्णय आयता हाती देत नाही. तो ऐकून घेतो आणि सांगतो, "आयटीआयची कार्यशाळा पाहून ये, परिचारिकेचे काम कसे असते ते विचारून ये, बुधवारी आपण पुन्हा बोलू." आणि बुधवारी तो खरोखरच भेटतो. घरी न लाभलेला भरवसा पुष्कळदा अशा शब्द पाळण्यातून उगवतो.

आईबापांस आमची एवढीच विनंती. खर्चाची मर्यादा असेल तर ती स्पष्ट सांगा, परंतु त्याबरोबर हेही सांगा, "बाळ, पाहून ये. जमले नाही तरी घर तुझेच आहे."

मग ते मूल मान वर करील.