सोनाराचा हात

यंदा मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा आटोपली आणि पुढल्याच आठवड्यात आमच्या घरी धाकट्या नातीचे कान टोचण्याचा बेत ठरला. मुलाच्या बदल्यांमुळे हा संस्कार लांबत लांबत तिसऱ्या वर्षावर आला होता. गावातील वृद्ध सोनार आले. त्यांनी आल्याबरोबर पेटी उघडली नाही. पोरीला जवळ घेतले, तिच्या बाहुलीला कोणते डूल शोभतील याची चौकशी केली, तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून हलकेच चोळली, आणि ती उत्तर देण्यात गुंतली असतानाच काम उरकले. पोरीने ओठ काढले खरे, पण पुरते रडण्याचे तिला सुचलेच नाही. ‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण ओटीवरील सर्व मंडळींना एकदमच आठवली व सगळे हसले. आमच्या सौभाग्यवती मात्र हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “यांनी आधी पोरीला विचारले. मला कोणी विचारले होते?”

बोलण्याचा रोख आमच्याकडे होता, हे वाचकांस सांगावयास नकोच.

दोन वर्षांपूर्वी सौ.ची कंबर धरली. डॉक्टरांनी तपासले, छायाचित्र काढले, शस्त्रक्रियेचे कारण नाही म्हणून सांगितले. तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचण्याची चिनी चिकित्सा, सुचविली. आम्ही त्यांना नागपुरास घेऊन गेलो. तेथील गृहस्थ जोरकस पद्धतीचे होते. त्यांनी सुई खोल घातली, ती फिरविली, वरखाली केली, सौ.नी दात आवळले. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “पुन्हा जाणार नाही.” त्यावर आम्ही जे उत्तर दिले ते लिहिताना आज संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, “औषध कडूच असते. सोसल्यावाचून गुण यावयाचा नाही.” तीस वर्षे वर्गात हेच सांगत आलो होतो, तेच घरी सांगितले. त्या दुसऱ्यांदा गेल्या, आणि परत आल्यावर चार दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

नातीचे कान टोचले त्या रात्री आम्ही या विषयाचा विचार मनावर घेतला. पुष्कळ वाचले. त्याचे सार येथे देतो, कारण हा प्रसंग आमच्याच घरी येतो असे नाही.

या विद्येचा आपल्या देशाशी संबंध जडला त्यात महाराष्ट्राचेही नाव आहे. १९३८ साली जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या साहाय्यास काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस शल्यवैद्य. ते ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू पुढे स्वातंत्र्यानंतर पुन्हा चीनला गेले, सुयांची विद्या शिकले आणि ती त्यांनी कलकत्त्यास आणली. कोटणीस स्वतः सुया टोचणारे नव्हते. तरी लुधियान्यास या चिकित्सेचे रुग्णालय त्यांच्याच नावाने चालते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सुई जोराने चालवावी की हलक्या हाताने? प्रचलित चिनी पद्धतीत सुई टोचल्यावर रोग्याला काही विशिष्ट संवेदना व्हावी लागते: जडपणा, बधिरपणा, ताण, आंबल्यासारखे दुखणे. ती झाली म्हणजे प्राणशक्ती सुईपाशी आली असे समजतात. त्यासाठीच सुई फिरवितात. जपानमध्ये तीच विद्या गेली, आणि तेथे तिने निराळे वळण घेतले. तेथील सुई बहुधा ०.१६ ते ०.२० मिलिमीटर जाडीची, तर चिनी सुई सामान्यतः ०.२५ ते ०.३० मिलिमीटरची. जपानी वैद्य पुष्कळदा कातडीखाली दोन-तीन मिलिमीटरच जातो. काही संप्रदायांत तर सुई आत घालीतच नाहीत, नुसती टेकवितात. लहान मुलांना बोथट उपकरणाने केवळ घासतात. तेथे रोग्याला काय जाणवले यापेक्षा वैद्याच्या बोटांना काय जाणवले, यास महत्त्व अधिक. जपानात ही विद्या शतकानुशतके अंध लोकांच्या हाती वाढली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्या अंधांचा आद्य पुरुष सुगियामा वाइची हा सतराव्या शतकात होऊन गेला. त्याची आख्यायिका आम्हा शिक्षकांनी तरी जरूर वाचावी. गुरूने त्याला मंदबुद्धी म्हणून घालवून दिले. तो एनोशिमा बेटावर बेन्झाइतेन देवीला शरण गेला. ही बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली आपली सरस्वतीच. परतताना तो ठेचाळून पडला, तेव्हा हाती काहीतरी टोचले. चाचपून पाहतो तो एका पोकळ नळीत देवदाराच्या जातीच्या झाडाचे सुईसारखे पान! त्यावरून त्याला नळीतून सुई टोचण्याची युक्ती सुचली, असे सांगतात. नळी सुईहून किंचित आखूड असते. ती कातडीवर टेकवून सुईच्या माथ्यावर बोटाने टिचकी मारली की नळीच्या दाबामुळे टोचणे फारसे कळत नाही. पुढे तो शोगुनचा वैद्य झाला आणि त्याने अंधांसाठी विद्यालये चालविली. हलक्या हाताची युक्ती काढणारा हा गुरूने टाकलेला शिष्य होता.

परंतु यावरून चिनी म्हणजे कठोर आणि जपानी म्हणजे कोमल असा निवाडा करणे योग्य नव्हे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना असा ‘लिंगशू’ नावाचा चिनी ग्रंथ आहे. त्यात दोन्ही हात सांगितलेले आहेत. जाडेभरडे वस्त्र नेसणाऱ्या कष्टकऱ्यास सुई खोल टोचून तशीच ठेवावी आणि सुखवस्तू थोरामोठ्यांस हलकी व सावकाश टोचावी, असा त्यातील आशय आहे.

हे वाचले तेव्हा आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंची आठवण झाली. रोवणीच्या दिवसांत त्या दिवसभर चिखलाच्या बांधीत वाकून असतात. गडचिरोलीच्या एका शिबिरात त्यांनीही सुया टोचून घेतल्या होत्या. त्या म्हणाल्या, “लागलीच नाही त सुई कायची, गुरुजी?” त्यांना जोरकस सुई मानवली. तेव्हा ग्रंथ खरा ठरला असे क्षणभर वाटले. पण लगेच मनात आले, जो नित्य सोसतो त्याला आणखी सोसावयास लावावे, हा कोणता न्याय? येथे आपला चरक अधिक सूक्ष्म पाहतो. विमानस्थानात तो रोग्याच्या सत्त्वाची, म्हणजे मनोबलाची, परीक्षा करावयास सांगतो आणि बजावतो की, धिप्पाड देहाची माणसेही कित्येकदा अल्प वेदना सहन करू शकत नाहीत. म्हणजे वस्त्रावरून नव्हे, देहावरून नव्हे. त्या माणसावरूनच ठरवावे. सुश्रुताने तर शिरावेधाच्या दोषांचे वीस प्रकार मोजले आहेत, आणि शिष्याने आधी कमळाच्या देठावर व मृत पशूंच्या शिरांवर हात बसवावा असे सांगितले आहे. दोष सुईचा नव्हे, हाताचा, हे त्याला ठाऊक होते.

मग जोरकस सुईने गुण तरी अधिक येतो काय? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००७ साली छापला गेला. एका गटास ग्रंथोक्त स्थानी खोल सुया, दुसऱ्यास स्थान सोडून भलतीकडे नुसत्या वरवर सुया, तिसऱ्यास नेहमीचे औषध-व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के व तिसऱ्यातील २७.४ टक्के रोग्यांना गुण आला. पहिल्या दोहोंतील अंतर नगण्य. स्थानांचे जुने शास्त्र यातून सिद्ध होत नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे; वैद्याने दिलेला वेळ, त्याचा स्पर्श व रोग्याची आशा यांचाही त्यात वाटा असावा. परंतु अधिक खोल म्हणजे अधिक गुण, हा आमचा समज मात्र यापुढे टिकत नाही. ज्या दुखण्यावर सौ.स आम्ही सोसावयास लावले, नेमके त्याच दुखण्याची ही कथा.

ज्यांच्या घरी हा विचार चालला असेल त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. प्रथम डॉक्टरांकडून दुखण्याचे निदान करून घ्यावे. सुईने ताप, गाठ अथवा मोडलेले हाड झाकले जाऊ नये. दुसरे, महाराष्ट्रात या चिकित्सेसाठी स्वतंत्र कायदा आहे. वैद्याची नोंदणी विचारण्यात संकोच नसावा. सुई निर्जंतुक, नवी, एकदाच वापरावयाची असावी. छातीवर व पाठीच्या वरच्या भागावर खोल गेलेली सुई फुप्फुसास भोक पाडू शकते, म्हणून तेथे अनोळखी हात नको. तिसरे, टोचून घेणाऱ्यास ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार आहे, हे घरातील सर्वांनी आधीच मान्य करावे.

सौ. आता दुसऱ्या एका वैद्यांकडे जातात. ते नळीतून बारीक सुई टोचतात आणि प्रत्येक सुईआधी विचारतात. दुखणे गेले असे नाही. पण देवघरात अर्धा तास बसता येते. परवा आम्ही सोबत गेलो होतो. वैद्यांनी आम्हालाच विचारले, “यांना कितपत सोसते?” आम्ही म्हणालो, “ते त्यांनाच विचारावे,” आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो.