व्हॅनच्या फीबरोबर ब्रेकचंही विचारूया

जून जवळ आला की आपल्या गप्पांत शाळेच्या व्हॅनचा विषय निघतोच. फी किती वाढवली, वेळेवर येतो का, मुलांना कोंबतो का. ब्रेकचं मात्र कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात बचत गटाच्या कामाला सावंतवाडीला गेले होते. येताना एस.टी. चुकली, म्हणून मुलांना सोडणाऱ्या एका ओळखीच्या व्हॅनमध्ये बसले. जुनी ओम्नी. इन्सुली घाट उतरताना त्याने ब्रेक दोन-तीनदा हापसला, तेव्हा कुठे गाडी हळू झाली. माझा चेहरा बघून म्हणाला, "वयनी, ब्रेक लागतत, पण वायच खाली जातत. माका सवय झाली." त्याला सवय झाली हो, पण मागच्या पोरांचं काय?

कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की दुसऱ्या गाडीचे मोठे डिस्क ब्रेक बसव. मला ते पटलं नाही. कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय. उद्या अपघात झाला तर विम्यावरून वाद व्हायचा. आणि आधी आहेत ते ब्रेक तरी धड आहेत का?

मग मी एका मेस्त्रींना खोदून खोदून विचारलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्या कोकणात ओलाव्याला काय तोटा! 'डॉट ३' जातीचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. घाटात ब्रेक सतत दाबून तापले, की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय नुसता खाली जातो. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, सोबत लायनर, सिलिंडरची रबरं, पाइप बघून घ्यायचे. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडतात ना, त्यात बूस्टरची मदत जाते आणि ब्रेक दगडासारखा होतो. माझ्या मते तो सरळ गुन्हाच समजावा.

ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, म्हणजे आता धावते ती प्रत्येक ओम्नी जुनीच. नवीन गाडी घे म्हणणं सोपं आहे, पण त्याचंही घर त्या फीवरच चालतं. आपण मात्र पन्नास रुपयांसाठी त्याच्याशी घासाघीस करतो (मीसुद्धा केलीय!) आणि वर सुरक्षेची अपेक्षा ठेवतो.

आमच्या वाडीतल्या आयांनी शेवटी ठरवलं. मे महिन्यात प्रत्येकीने शंभर रुपये जादा द्यायचे, त्याने ब्रेकचं काम करून मेस्त्रीचं बिल दाखवायचं. एकजण म्हणाली, "आमी कित्याक देवचे?" तिला मी एवढंच म्हटलं, एकदा त्या गाडीतून घाट उतरून ये.

राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते, तिच्यात पालकही असतात. तुमच्या शाळेत तिची बैठक कधी झाली? मुख्याध्यापकांना विचाराच, आणि जाताना मागच्या ब्रेकच्या कामाची तारीख व्हॅनवाल्या दादाकडून लिहून न्या.