कोतची किल्ली दारावर टांगत नाहीत



लेहच्या पोस्टिंगमध्ये पहिल्याच हिवाळ्यात मी एक आळशीपणा केला. माझ्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती आणि सुरू करताना दर वेळी २० अक्षरांचा पासवर्ड टाकावा लागे. ड्यूटीवरून आल्यावर बोटं बधिर, दोनदा तरी चुकायचंच. एका रविवारी वैतागून लिनक्समध्ये ऑटो-अनलॉक लावलं. म्हणजे डिस्कची किल्ली लॅपटॉपमधल्याच टीपीएम चिपकडे सोपवली. बटण दाबलं की डिस्क आपोआप उघडायची. त्यावर कळस म्हणजे ऑटो-लॉगिनही चालू केलं.

पुढे सुट्टीवर येताना जम्मू स्टेशनवर बॅगांची अदलाबदल झाली. आपल्या सगळ्यांच्या बॅगा सारख्याच हिरव्या! दुसऱ्या एका जवानाकडे गेलेली माझी बॅग तीन दिवसांनी परत मिळाली. भला माणूस, त्याने लॅपटॉपला हातही लावला नव्हता. पण ते तीन दिवस मी मनात यादी करत होतो : बायकोमुलांचे फोटो, घरचा पत्ता, बँकेचे कागद, आधार, गावच्या जमिनीचा सातबारा. नोकरीचं काही खासगी लॅपटॉपवर ठेवायचंच नसतं, ते नव्हतंही. पण फौजीचं घर कुठे आहे आणि घरात कोण कोण आहे, एवढंही पुरेसं असतं.

टीपीएम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कुणी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर ती उघडत नाही. सुरू होण्याच्या प्रक्रियेत छेडछाड झालेली दिसली, तर चिप किल्ली देत नाही. पण चोर डिस्क काढत बसत नाही, तो अख्खा लॅपटॉप उचलतो. मग मशीन तेच, चिप तीच, आणि डिस्क त्याच्यासाठीही उघडते. उरतो फक्त लॉगिनचा पासवर्ड, आणि तोही मी काढून टाकला होता.

आपण कोतची किल्ली कोतच्या दारावर टांगत नाही. ती क्वार्टर गार्डमध्ये असते आणि सही केल्याशिवाय मिळत नाही. मग घरच्या कागदांना वेगळा नियम का?

काही मित्र म्हणतात, "काहीच नसण्यापेक्षा ऑटो-अनलॉक बरं." मान्य. घरात एका जागी असलेल्या कॉम्प्युटरला ते चालेल. पण आपला लॅपटॉप ट्रंकेत, ट्रकमध्ये, रेल्वेत फिरतो. त्याला टीपीएमबरोबर पिन लावा. लिनक्समध्ये सिस्टमडी-क्रिप्टएनरोलने आणि विंडोजच्या बिटलॉकरमध्येही हे करता येतं. सहा आकडे बधिर बोटांनीही टाकता येतात. पिन पुन्हा पुन्हा चुकला की चिप स्वतःच काही काळ बंद होते, म्हणून छोटा पिनही पुरतो. ऑटो-लॉगिन मात्र आजच बंद करा.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. बायोस अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला, तर चिप किल्ली द्यायला नकार देऊ शकते. तेव्हा रिकव्हरी की लागते. बिटलॉकरची ४८ आकड्यांची असते. ती कागदावर लिहून घरी, विम्याच्या कागदांबरोबर ठेवा आणि बायकोला जागा दाखवा. मी दाखवली तेव्हा तिने विचारलं, "मला कशाला लागेल ही?" मी काही बोललो नाही. तिने कागद घडी घालून आत ठेवला.

जय हिंद.