दुभाष्याने काय गाळावं?

पुण्यात जर्मन, जपानी शिकलेली कितीतरी मुलंमुली आज चाकण-भोसरीच्या कारखान्यांत दुभाष्याचं काम करतात. न्यायालयात १९६९ च्या शपथ कायद्याने साक्षीदाराप्रमाणेच दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. शॉपफ्लोअरवर त्याला बांधून ठेवणारं असं काही नाही, आणि पगार तर व्यवस्थापन देतं. समजा, पॉवर प्रेसवरचा कंत्राटी कामगार परदेशी तज्ज्ञाला सांगतो, ‘टार्गेट गाठायला सेफ्टी सेन्सर बायपास केलाय.’ शेजारचा सुपरवायझर पुटपुटतो, ‘हे सांगू नको त्यांना.’ माझ्या मते दोन्ही वाक्यं पोचवायची, सुपरवायझरचंसुद्धा. प्रेसखाली बोटं गमावलेली माणसं या पट्ट्यात कमी नाहीत. पण बोलणाऱ्या कामगाराची नोकरी दुसऱ्या दिवशी जाऊ शकते, हेही तितकंच खरं. म्हणून बोलणं सुरू होण्याआधीच दुभाष्याने सगळ्यांना, कामगाराला त्याच्या भाषेत, बजावावं: इथे जे बोललं जाईल ते सगळं मी सांगणार, आणि बाहेर कुणाला काही सांगणार नाही. मग काय बोलायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. कंपन्यांनी ही अट दुभाष्याच्या करारातच लिहावी. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीने त्यासाठी एकटीने का म्हणून लढायचं?