थिअरी कशाला हवी?



बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. पोराला, पोरीला कॉम्प्युटरच्या सहा महिन्यांच्या कोर्सला घालायचे, की बीसीएस, बीसीए अशी तीन-चार वर्षांची डिग्री करू द्यायची? कोर्सवाले छातीठोकपणे सांगतात, 'आमच्याकडे थिअरी नाही, सगळे प्रॅक्टिकल. थिअरी नोकरीत कुठे लागते?' डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगाही घरी येऊन तेच म्हणतो. डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स हे विषय निव्वळ पेपरापुरते, प्रोग्राम लिहिता आला म्हणजे झाले. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील शिरोलीला फौंड्रीत. त्यांनी कोणाचे ऐकावे?

कोर्सवाल्यांचे जे खरे आहे ते आधी मान्य करू. पहिल्या नोकरीत थिअरीचा कागद कोणी उघडत नाही. फॉर्म तयार कर, रिपोर्ट काढ, चूक शोध, एवढेच काम असते आणि ते हाताला सवय असल्याशिवाय जमत नाही. पुष्कळ कॉलेजांत थिअरी गाईडमधून पाठ करतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात, हेही आम्ही पाहतो. आपल्या धम्मात अभ्यासाला परियत्ति आणि आचरणाला पटिपत्ति म्हटले आहे. नुसते पाठांतर करणाऱ्याला धम्मपदाने दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. तेव्हा गाईडवाल्या थिअरीची वकिली आम्ही करणार नाही.

पण म्हणून थिअरीच नको, हे मात्र आम्हाला पटत नाही. आम्ही कारकुनी पेशाचे, बी.कॉम. झालेले, म्हणून आधी आमच्याच धंद्यातले सांगतो. टॅली शिकलेली मुले आज गल्लोगल्ली आहेत. व्हाउचर टाकले की ताळेबंद आपोआप तयार होतो. पण नवे मशीन घेतले आणि तो खर्च दुरुस्तीच्या खात्यात पडला, तर ट्रायल बॅलन्स बिनबोभाट जुळतो. नावे आणि जमा सारखेच असतात ना! नफा तेवढा चुकतो. ही चूक संगणक पकडत नाही. नावे-जमा म्हणजे काय, भांडवली खर्च कशाला म्हणतात, हे डोक्यात असलेला माणूस पकडतो. पहिला बटणे दाबतो, दुसऱ्याची सही चालते. पगारात फरक पडतो तो इथे.

प्रोग्रामिंगचेही तसेच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या दूध संस्थेचे उदाहरण घ्या. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचे, फॅट आणि एसएनएफवर दर ठरायचा, त्याचे बिल निघायचे. समजा प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळच्या रकमेतले पैसे सोडून देऊन फक्त पूर्ण रुपये धरले. एका वेळेला सरासरी जवळजवळ अर्धा रुपया गेला. वर्षाच्या ७३० वेळा धरल्या तर एका घराचे सुमारे ३६५ रुपये गेले. पाचशे घरांची संस्था असेल तर १ लाख ८२ हजार रुपये! चोरी कोणी केली नाही, आणि गेले कोणाचे, तर एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईचे. तेच पन्नास पैशांच्या वर असेल तर वरचा रुपया, खाली असेल तर खालचा असे धरले असते, तर कमी-जास्त एकमेकांत फिटून गेले असते. पैसेच ठेवले असते तर त्याहून बरे.

ही कल्पनेतली गोष्ट वाटत असेल तर कॅनडाचे पाहा. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये एक निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजला जाई आणि तीन दशांश स्थळांपुढचे आकडे कापून टाकले जात. दिवसाला हजारो वेळा असे चाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास आला होता. नीट मोजल्यावर खरा आकडा निघाला सुमारे १०९८! प्रोग्राम 'चालत' होता, बंद पडला नव्हता. संगणक दशांश कसा साठवतो, चूक कशी साचत जाते, हा थिअरीच्या पुस्तकातला धडा आहे. दहा पैसे म्हणजे ०.१ हा आकडा संगणकाच्या दोन अंकी पद्धतीत अचूक लिहिताच येत नाही. म्हणून जाणता प्रोग्रामर रक्कम पूर्णांक पैशांत ठेवतो.

दुसरा दाखला याद्यांचा. शिष्यवृत्तीच्या अर्जांची एक लाख नावे आहेत आणि बँक खात्यांची एक लाख. दोन्ही जुळवायच्या आहेत. अडाणी रीत म्हणजे प्रत्येक नावासाठी दुसरी सगळी यादी चाळणे. होतात एक हजार कोटी तुलना. यंत्र सेकंदाला दहा लाख तुलना करते असे धरले तर पावणेतीन तासांहून जास्त. तीच यादी आधी क्रमाने लावली आणि शब्दकोशात शब्द शोधतो तशी मधोमध उघडून अर्धी-अर्धी टाकत गेलो, तर एक नाव जास्तीत जास्त सतरा तुलनांत सापडते. यादी लावायला दोन-तीन सेकंद, शोधायला दोन सेकंद. दोन्ही प्रोग्राम दहा नावांवर तपासले तर सारखेच दिसतील. फरक कळतो तो लाखावर, आणि तोवर कोणाची तरी फी थकलेली असते.

भाषांचे म्हणाल तर त्या येतात आणि जातात. १९९० च्या दशकात ज्यांनी घरचे दागिने मोडून फॉक्सप्रो शिकून घेतले, त्यांना पुढे काय झाले ते ठाऊक आहे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही. उलट यादी लावण्याची क्विकसॉर्ट ही रीत टोनी होअर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली, ती आजही शिकवतात आणि वापरतात.

थिअरीचा आणि कामाचा संबंध पाहायचा तर एका मराठी माणसाचे उदाहरण आहे. रेशनच्या कोणत्या गोदामातून कोणत्या गावाला किती धान्य पाठवले म्हणजे खर्च कमीत कमी होईल, अशा प्रश्नांचे एक गणित आहे, त्याला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँझिग यांनी त्याची सिम्प्लेक्स रीत काढली. ती कामात झकास चाले, पण काही प्रश्नांत तिच्या पायऱ्या भयंकर वाढतात, हे १९७२ मध्ये सिद्ध झाले. १९७९ मध्ये रशियाच्या खाचियान यांनी कागदावर निर्दोष रीत दिली, ती प्रत्यक्षात मात्र मंद निघाली. मग १९८४ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये, मुंबई आयआयटीचे विद्यार्थी असलेल्या नरेंद्र करमरकर यांनी अशी रीत मांडली की जी कागदावरही टिकली आणि मोठ्या प्रश्नांवर वेगानेही चालली. त्या जातीच्या रीती आज मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. खाचियान यांच्यावरून कळते की नुसती थिअरी पुरत नाही. करमरकरांवरून कळते की थिअरीशिवाय अशी उडी मारता येत नाही. असे नाव आपल्या वस्तीतून का निघू नये, हा आमचा खरा प्रश्न आहे.

कारण हा वाद आपल्यासाठी नुसत्या कोर्सचा नाही. ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती गाव, हे आपल्या आजोबांनी भोगले आहे. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, ते दप्तराचे हे बळ ओळखून. आजचे दप्तर संगणकात आहे. त्यात नोंदी टाकणारे आपण आणि त्याची रचना ठरवणारे दुसरेच, अशी वाटणी पुन्हा होत असेल तर ती आपण पैसे देऊन शिकून का घ्यावी? बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. १९२५ मध्ये चलनासंबंधीच्या हिल्टन यंग कमिशनपुढे ते साक्षीला उभे राहिले, ते त्याच अभ्यासाच्या बळावर. नोटा मोजायला थिअरी लागत नाही. नोटेची किंमत का घसरते हे सांगायला लागते.

शिवाय २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून साधा प्रोग्राम यंत्रच लिहून देते. सहा महिन्यांत शिकवली जाणारी कारागिरी स्वस्त होत चालली आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, लाख नावांवर टिकेल की नाही, हे ओळखणारा माणूस मात्र लागतोच.

आता पैशाची अडचण. ती खोटी नाही. ज्या घरात उद्याच कमाई लागते तिथे आम्ही डिग्रीचा हट्ट धरणार नाही. आयटीआयचा एक वर्षाचा कोपा ट्रेड करावा, काम धरावे आणि नोकरी करीत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी. आयआयटीच्या प्राध्यापकांची डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमवरची व्याख्याने एनपीटीईएलवर मोबाइलवर फुकट पाहता येतात. इंग्रजी अवघड जाते, म्हणून चार-पाच मुलामुलींनी विहारात एकत्र बसून पाहावीत. एकाला कळले की तो मराठीत सांगतो. डिग्रीला असणाऱ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरावा. जात आणि उत्पन्नाचे दाखले जूनच्या आधीच काढून ठेवावेत.

आणि खासगी क्लासची फी भरण्यापूर्वी आई-वडिलांनी एवढेच विचारावे: एक लाख नावांची यादी लवकर कशी लावायची, हे माझ्या पोरीला शिकवाल का, आणि ते तिला कागदावर हाताने करून दाखवायला लावाल का? उत्तर देताना समोरचा माणूस फीच्या हप्त्यांचे बोलू लागला, तर उठून यावे.