तिकिटावर थिएटरचं नाव कुठे होतं?

लॉकडाउनमध्ये आपण घरी बसून ढिगाने सिनेमे पाहिले आणि वर म्हणालो, ‘आम्ही सिनेमा जगवला.’ मला हे साफ खोटं वाटतं. आपण ॲप जगवले. महाराष्ट्रातली थिएटरं मार्च २०२० मध्ये बंद झाली, ५ नोव्हेंबरपासून निम्म्या खुर्च्यांवर उघडायची परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप लागलं ते २२ ऑक्टोबरपर्यंत. मी आर्णीचा, सिनेमा बघायला यवतमाळला जाणारा. या काळात माझ्या फोनवरून सिनेमासाठी जे पैसे गेले, त्यातला एक रुपयाही तिथल्या थिएटरपर्यंत पोचला नाही. ऑपरेटर, डोअरकीपर, इंटरव्हलला समोसे विकणारा, सगळे घरी.

‘मग काय करणार होतो?’ असं विचाराल. करता येत होतं. अमेरिकेत किनो लॉर्बर या वितरण कंपनीने मार्च २०२० मध्येच ‘किनो मार्की’ नावाची सोय काढली. पहिला सिनेमा ब्राझीलचा, ‘बाकुराऊ’. प्रेक्षकाने आपल्या ओळखीच्या थिएटरमार्फत १२ डॉलरचं ऑनलाइन तिकीट काढायचं आणि पाच दिवसांत घरी सिनेमा बघायचा. पैशात त्या थिएटरचाही वाटा. दाराला कुलूप, पण तिकीटखिडकी चालू! त्या सिनेमातलं आडबाजूचं खेडं एक दिवस नकाशावरूनच गायब होतं, मोबाईलची रेंजही जाते. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आपल्याकडे काय झालं? जून २०२० मध्ये ‘गुलाबो सिताबो’ थेट प्राइमवर आला. आयनॉक्सने जाहीर नाराजी व्यक्त केली, निर्मात्यांच्या संघटनेने उत्तर दिलं. भांडण मोठ्यांचं मोठ्यांशी. छोट्या गावातलं सिंगल स्क्रीन कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. मे २०२१ मध्ये ‘राधे’ झीप्लेक्सवर २४९ रुपयांना लागला. म्हणजे एकाच सिनेमाचं ऑनलाइन तिकीट विकायची यंत्रणा आपल्याकडे होती. त्यात ‘तुमचं थिएटर निवडा’ एवढा एक रकाना घालायला काय जात होतं? तंत्र होतं, दानत नव्हती.

काही जण म्हणतात, तोट्यातलं थिएटर आपण का पोसायचं? सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) आठवा. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपल्या नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी विदर्भातली बायको. ही आमच्या भागातली गोष्ट. ती पाच इंचाच्या पडद्यावर एकट्याने, मधे तीन मेसेज बघत पाहणं आणि कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या शंभर माणसांत बसून पाहणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ॲप तुम्हाला आधी जे पाहिलंय त्याच्याच जातीचं दाखवत राहतं. थिएटर भिंतीवर पोस्टर लावतं, ते न विचारणाऱ्यालाही दिसतं.

पण थिएटरवाल्यांनाही फुकट काही नको. ज्यांनी छोट्या मराठी सिनेमाला कधी धड एक शो दिला नाही, त्यांनी त्याच सिनेमाच्या भाड्यात वाटा कशाला मागावा? अट साधी: बंद काळात वाटा घ्या, दार उघडलं की तोच सिनेमा आठवडाभर, संध्याकाळच्या शोला लावा.

आणि आपण? ‘टेलिग्रामवर आला का रे?’ हा प्रश्न आधी बंद करा. दर महिन्याचा रिचार्ज आपण निमूट मारतो, मग दोन वर्षं राबून बनवलेल्या सिनेमासाठी शंभराची नोट जड का व्हावी?

थिएटरं काही फक्त साथीतच बंद पडत नाहीत. दुरुस्ती परवडत नाही, गल्ला भरत नाही, म्हणूनही कुलूप लागतं आणि ते कायमचं असतं. म्हणून ही मागणी शिळी नाही. मराठी निर्मात्यांनो, पुढचा सिनेमा ऑनलाइन भाड्याने द्याल तेव्हा पिनकोड विचारा, जवळचं थिएटर दाखवा, शंभरातले चाळीस त्याला द्या आणि तिकिटावर तसं छापा. प्रेक्षकांनो, हा हिशोब दिसत नसेल तर पैसे भरायच्या आधी विचारा: यातला वाटा माझ्या गावाजवळच्या पडद्याला किती?