सूज उतरू द्या

लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या, किंवा घाणेखुंट, आवाशी, पीरलोटे अशा आसपासच्या गावांतल्या एखाद्या बाईने स्तनांचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची ठरवली, तर ती मुंबईला जाते, नाहीतर पुण्याला. बहुतेक वेळा घरात नवरा किंवा बहीण एवढ्यांनाच ठाऊक असतं. शेजारी 'गाठ काढली' असं सांगितलेलं असतं. रुग्णालयात एखादी रात्र, कधी तेवढीही नाही. मग सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, कशेडी ओलांडून, भरणे नाका मागे टाकून घरी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टी सैल करून ती आरशासमोर उभी राहते आणि तिच्या पोटात गोळा येतो. हे काय झालं? फार मोठं झालं का? की दोन्ही बाजू सारख्या नाहीत? एवढे पैसे घातले ते चुकीच्या आकारावर घातले का?

या काळजीकडे 'नसती हौस केली, आता भोगा' अशा नजरेने पाहिलं जातं. ते मला मुळीच मान्य नाही. ही काळजी खरी आहे, तिला शरीरातलं कारण आहे, आणि ती कशी येते, किती दिवस राहते हे आधीच सांगता येण्यासारखं आहे. ते सांगितलं जात नाही, ही तक्रारीची जागा.

शरीरात होतं काय, ते पाहू. सिलिकॉनचं इम्प्लांट बऱ्याचदा छातीच्या मोठ्या स्नायूखाली बसवतात. हा स्नायू आजवर बरगड्यांना चिकटून होता. त्याच्याखाली अचानक जागा केली, तिथे काही ठेवलं, तर तो आवळून धरतो आणि इम्प्लांट वर ढकलतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत उंचवटा गळ्याच्या हाडाकडे चढलेला दिसतो, खालचा भाग रिकामा राहतो, आणि सगळं दगडासारखं कडक लागतं. त्यात सूज. ती पहिल्या तीन-चार दिवसांत वाढत जाते, मग हळूहळू उतरते. बरीचशी सहा आठवड्यांत जाते, उरलेली रेंगाळते. स्नायू सैल व्हायला, कातडी ताणून जागा द्यायला, इम्प्लांट खाली उतरून बसायला साधारण तीन महिने लागतात, कित्येकींना सहा, आणि शेवटचा आकार दिसायला कधी वर्षही. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरत नाहीत. ज्या हाताने बाई जास्त काम करते त्या बाजूचा स्नायू वेगळा वागतो. म्हणजे चौथ्या दिवशी आरशात जे दिसतं तो आकार नव्हे. सूज, आखडलेला स्नायू आणि घट्ट कातडी यांची ती बेरीज आहे.

आणि ही काळजी एकाच दिशेने धावत नाही. पहिल्या आठवड्यात 'फार मोठं झालं, लोकांच्या लक्षात येईल' म्हणून जी रडते, तीच चौथ्या-पाचव्या आठवड्यात 'एवढंच राहिलं? मग केलं कशाला?' म्हणून रडते. मधल्या काळात सूज उतरलेली असते आणि डोळ्यांना मोठ्या आकाराची सवय झालेली असते. आत बसवलेलं इम्प्लांट तेवढंच आहे. त्यात भूल उतरल्यानंतरचा थकवा, वेदनाशामक गोळ्या, उशांवर टेकून अर्धवट बसून काढलेल्या रात्री. शस्त्रक्रियेनंतरच्या त्या आठवड्यात मन खचणं हे अनेकींच्या बाबतीत घडतं, आणि खचलेल्या मनाला आरसा कधीच चांगली बातमी देत नाही.

कोकणातल्या घरात आणखी एक गोष्ट असते, ती मुंबईच्या डॉक्टरांच्या ध्यानात येत नाही. 'जड उचलू नका' असं ते सांगतात. बाई हंडा उचलत नाही, गॅसचा सिलिंडर सरकवत नाही. पण दहाव्या दिवशी ती परातीत तांदळाच्या भाकरीचं पीठ मळते, दोन्ही तळव्यांनी भाकरी थापते, विळीवर नारळ खवते, पिळून कपडे वाळत घालते. या प्रत्येक कामात छातीचा तोच स्नायू ताणला जातो. संध्याकाळी एक बाजू फुगलेली दिसते, दुखते, आणि 'इम्प्लांट हललं' या भीतीने रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तिला कोणी 'भाकरी थापू नका' असं सांगितलेलंच नसतं. सांगणाऱ्याच्या घरात भाकरी दुसरंच कोणी थापत असेल.

आकार ठरतो कसा, हेही बाईला नीट कळलेलं नसतं. इम्प्लांट सीसीमध्ये मोजतात, ब्रा कपात मोजतात, आणि या दोहोंचा पक्का मेळ नाही. एका कंपनीचा कप दुसरीच्या कपाएवढा नसतो. छाती रुंद असलेल्या बाईला तीनशे सीसी जेमतेम दिसतात, अरुंद छातीच्या बाईला तेच भरगच्च. काही जणी घरी पातळ मोज्यात तांदूळ भरून, ब्रामध्ये ठेवून अंदाज घेतात. पद्धत वाईट नाही, पण वरून ठेवलेले तांदूळ स्नायूखाली बसवलेल्या तेवढ्याच मापाच्या इम्प्लांटपेक्षा थोडे जास्तच दिसतात. दोन जवळच्या मापांमधला फरक कित्येकदा २५ सीसींचा असतो, म्हणजे चहाचे पाच चमचे. आकाराच्या चिंतेत रात्री जागवणाऱ्या किती जणींना ही पाच चमच्यांची गोष्ट कोणी सांगितली असेल? शल्यविशारद छातीची रुंदी मोजतो, कातडी चिमटीत धरून तिची जाडी पाहतो, आणि त्या मर्यादेत माप निवडतो. ही मर्यादा ओलांडून मोठं इम्प्लांट बसवलं तर कातडी पातळ होते, कडा हाताला लागतात, पुढे ओघळतं. हे सगळं ती शुद्धीवर असताना, घाई नसताना, तिच्या भाषेत सांगितलं पाहिजे.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका स्त्रीच्या शस्त्रक्रियेच्या खटल्यात स्पष्ट केलं की रुग्णाची संमती खरी ठरायची तर तिला उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती आधी मिळालेली असली पाहिजे. इंग्रजीत छापलेल्या फॉर्मवर सकाळी सात वाजता, सलाईन लावायच्या आधी घेतलेली सही ही ती माहिती नव्हे. आणि माझ्या मते 'पहिले तीन महिने आकार फसवा दिसेल' हे वाक्य धोक्यांच्या यादीइतकंच महत्त्वाचं आहे. बाईला सगळ्यात जास्त छळणार आहे ती याच गोष्टीने.

इथे एक भेद केला जातो, तोही तपासून पाहण्यासारखा आहे. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात किंवा परळच्या टाटामध्ये कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेली बाई पुनर्रचना करून घेते तेव्हा आपण तिच्या बाजूने उभे राहतो. राहायलाच हवं. विम्याचे नियमही हाच भेद करतात: रूप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही, अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तर मिळू शकतो. पैशाच्या हिशेबात भेद असू दे. पण पुनर्रचनेतल्या बाईलाही कातडीखालच्या पिशवीत दर काही दिवसांनी सलाईनचं पाणी भरून जागा करताना नेमका हाच प्रश्न पडतो: एवढं पुरे का, दुसऱ्या बाजूशी जुळेल का? सूज दोघींच्याही शरीरात येते आणि हळूहळूच उतरते. एकीला विचारायला मोकळीक, आणि दुसरीने तोंड दाबून बसायचं, याला वैद्यकात आधार नाही. २०१८ मध्ये चेन्नईच्या सरकारी स्टॅनली रुग्णालयात गरीब स्त्रियांसाठी स्तनांचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया मोफत सुरू झाली, तेव्हा त्यावर टीकाही झाली. सरकारी पैसा कुठे खर्चावा हा वाद रास्त आहे. पण एका सरकारी रुग्णालयाने ही बाई रुग्ण म्हणून दारात घेतली, ही गोष्ट मला मोलाची वाटते. सिलिकॉन इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला झाली, तीही सहा मुलांच्या एका सामान्य आईवर. तरी ती नटनट्यांचीच असते हा समज आपल्याकडे अजून गेलेला नाही.

घाईत घेतलेल्या निर्णयाची किंमत मोठी आहे. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांच्याच दीर्घ पाहण्यांत पुन्हा शस्त्रक्रिया होण्याच्या प्रमुख कारणांत 'आकार बदलून हवा' हे कारण सापडतं. पुन्हा भूल, पुन्हा चीर, पुन्हा जंतुसंसर्गाचा धोका, पुन्हा खर्च, आणि नव्याने तेच सहा आठवडे. तीन महिन्यांच्या आत केवळ आकारासाठी दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या डॉक्टरपासून बाईने दूर राहावं. सहा महिने थांबूनही मन म्हणत असेल की माप चुकलं, तर ते म्हणणं ऐकून घेण्याजोगं आहे, आणि तेव्हा बदल करण्यात काही गैर नाही.

मात्र 'थांबा' हा सल्ला आकारापुरताच. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने फुगली, घट्ट झाली, असह्य दुखू लागली, तर आत रक्त साचत असू शकतं. तिथे तासाचाही उशीर नको. ताप, वाढत जाणारी लाली, टाक्यांतून पू किंवा पाणी, एका पोटरीत दुखणं, धाप लागणं, यांतलं काहीही झालं तर 'सूज असेल' म्हणून घरी बसायचं नाही. मुंबई गाठायचीही नाही, जवळचं रुग्णालय गाठायचं. आणि तिथे गेल्यावर खरी गोष्ट सांगायची. 'गाठ काढली' हे शेजाऱ्यांसाठी ठीक आहे, ड्युटीवरच्या डॉक्टरला ते सांगितलं तर उपचार चुकू शकतो.

बाईने काळजी करायचीच असेल तर आकाराआधी एका कार्डाची करावी. इम्प्लांटसोबत कंपनी, प्रकार, माप आणि लॉट क्रमांक लिहिलेलं कार्ड येतं. फ्रान्समधल्या पीआयपी या कंपनीने वैद्यकीय सिलिकॉनऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरलं होतं, ते २०१० मध्ये उघडकीला आलं. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने सुमारे ३० हजार स्त्रियांना इम्प्लांट काढून घेण्याचा सल्ला दिला. औद्योगिक ग्रेड आणि वैद्यकीय ग्रेड यांत काय अंतर असतं, हे रसायनांच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या लोट्याच्या माणसाला कोणी समजावायला नको. २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची आपली बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली, कारण त्यांचा संबंध लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी जोडला गेला होता. आपल्या शरीरात काय आहे हे अशा वेळी ते कार्डच सांगतं. डिस्चार्जच्या वेळी ते हातात पडलं नाही तर मागून घ्यावं आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावं. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ते शाबूत आहे का हे बघत राहावं लागतं, त्यासाठीही ते लागणार आहे.

राहिला अंतराचा प्रश्न. डॉक्टर सांगतात, शंका आली तर फोटो पाठवा. पण घरात फोन एकच असतो, तो मुलांच्याही हातात असतो, आणि उघड्या छातीचा फोटो त्यात काढून ठेवण्याची हिंमत कोणत्या बाईला होईल? प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी सत्तरच्या दशकात आपल्याच कोकणात, अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला, गावातल्या बायकांना शिकवून आरोग्याचं बरंचसं काम त्यांच्या हाती दिलं होतं. कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे दुरुस्त करणाऱ्या या शल्यविशारदाला कळलं होतं की ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचं काम गावातच व्हायला हवं. त्याच धर्तीवर मुंबई-पुण्याच्या ज्या दवाखान्यांकडे कोकणातून बायका येतात त्यांना खेड-चिपळूणमधल्या एखाद्या सर्जनशी, एखाद्या अनुभवी नर्सशी बांधून घेणं अवघड नाही. पाचव्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात त्यांनी बाईला बघावं, हात लावून तपासावं आणि गरज पडली तरच वर पाठवावं. सोबत मराठीत छापलेला एक कागद द्यावा. त्यात सूज कधी वाढेल, कधी उतरेल, कोणत्या बाजूला आधी उतरेल ते सांगता येत नाही हे लिहावं. भाकरी, विळी आणि पिळायचे कपडे यांचाही उल्लेख असावा, आणि रात्री नऊनंतर उचलला जाईल असा बाई डॉक्टरचा किंवा नर्सचा एक नंबर. शस्त्रक्रियेचे पैसे घेतानाच या तीन तपासण्यांचे पैसे त्यात धरावेत, म्हणजे पुढे 'परत जायचं तर परत फी' या धास्तीने कोणी घरी बसणार नाही.